घोडीच्या पोटाखालचा तांबूस रंग

डिचोलीच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचे. मी राहायचे तिथे शेजारच्या खोलीत सावंतवाडीकडचा एक ट्रक ड्रायव्हर राहायचा. खाणी बंद पडल्या तसा त्याने ट्रक विकला, कोल्हापुरातून एक पांढरी घोडी आणली आणि मोरजीला जाऊन राहिला. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायचं, लग्नसराईत नवरदेवांना. पन्नाशीकडे झुकलेला एकटा माणूस. घोडीशी बोलायचा तेवढा कुणाशी बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

त्या थंडीत मी दर रविवारी म्हापशाला बस बदलून मोरजीला जायचे. मला त्याची घोडी काढायची होती, वॉटरकलर पेन्सिलींनी. पांढरं जनावर पांढऱ्या पेन्सिलीने होत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते. स्वतः कधी करून पाहिलं नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो तिला सुरूच्या झाडांखाली बांधायचा आणि खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, थोडा सैल करायचा. मी तिच्या उजव्या अंगाला बसायचे.

ऊन पडतं तिथे कागद कोरा सोडायचा. पहिला थर फिकट निळा, मानेच्या आणि मांडीच्या सावलीत. ओल्या ब्रशने तो पसरायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली की पुढचा रंग त्यात मिसळून नुसता चिखल होतो. मग जांभळा. मग पोटाखाली पिवळसर, कारण वाळूवरचा उजेड खालून वर येतो.

तो मागे उभा राहून बघायचा. "बाई, घोडी पांढरी हा माझी. तुमी निळो नि जांभळो कित्याक मारतास?"

"थांबा जरा. पांढरीच होईल."

आणि होत होती. तिसऱ्या रविवारी त्याने चित्र हातात घेतलं आणि घोडीच्या तोंडापुढे नेऊन तिलाच दाखवलं.

चौथ्या रविवारी तिच्या पुढच्या पायामागे, तंगाच्या कडेला, केसांत मला एक तांबूस डाग दिसला. रुपयाएवढा, ओलसर. मला आनंद झाला. तो पिवळसर सोडला तर सगळे थंड रंग लागले होते, कुठेतरी एक ऊबदार जागा हवीच होती. विटकरी पेन्सिल हलकेच फिरवली, पाणी लावलं, वाळल्यावर वरून गुलाबी थर दिला. पुढच्या रविवारी डाग मोठा झाला होता. मी रंग आणखी गडद केला.

ती जखम आहे हे मला कळलं नव्हतं, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. घोडी त्याची, खरारा तोच करतो, त्याला ठाऊक असणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. सांगितलं असतं तर त्याने तिला काही दिवस बांधून ठेवलं असतं, गुरांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. माझ्या चित्राला अजून एक रविवार हवा होता.

तो रविवार मला मिळाला. चित्र पूर्ण झालं आणि मी मोरजीला जायची थांबले.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. घोडीचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते, जबडा उघडत नव्हता. पेडण्याहून डॉक्टर आला. धनुर्वात, म्हणाला, ह्या जखमेतून; आधी का दाखवली नाही? तिसऱ्या दिवशी घोडी गेली.

मी "अरेरे" म्हटलं. आणखी काय बोलले ते आठवत नाही.

चित्र पणजीच्या एका प्रदर्शनात लागलं आणि त्याला बक्षीस मिळालं. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "पोटाखालचा तो तांबूस स्पर्श बघा, त्यानेच घोडी जिवंत झाली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

घोडीवाल्याला मीच बोलावलं होतं. घोडी डोळ्यांसमोर राहील, बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. तो इस्त्रीचा सदरा घालून आला. चित्रासमोर उभा राहिला, डोळे बारीक केले, अगदी जवळ गेला. मग काचेवर बोट ठेवलं, बरोबर त्याच जागी.

"ह्यां तुमका दिसलेलां?"

मी काचेवरच्या त्याच्या बोटाकडे पाहिलं.

"माका आता बारीक दिसणा नाय, बाई. तंगाचो घासो असात म्हणान मी गप ऱ्हवलंय. तुमका दिसलेलां तर एक शब्द सांगूचो नाय?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

त्याने काचेवरचं बोट काढलं. तिथे उमटलेला डाग सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि निघून गेला. बाहेर चहा ठेवला होता, त्यासाठी तो थांबला नाही.

प्रदर्शन संपल्यावर शाळेने चित्र मागून घेतलं आणि ऑफिसात लावलं. मी दोनदा ते परत मागितलं. "शाळेची शोभा आहे ती," असं म्हणून मुख्याध्यापकांनी विषय संपवला. खरं कारण सांगायचं धैर्य मला झालं नाही, आणि खरं सांगायचं तर ते भिंतीवर बघून अजूनही क्षणभर मला अभिमानच वाटतो. मग स्वतःची किळस येते.

तो आता पेडण्याला एका हॉटेलच्या फाटकावर राखणीला उभा असतो. गेल्या महिन्यात बसमधून उतरले तर तो समोरच होता. मी विचारलं, "बरे आहात ना?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखलं, आणि येणाऱ्या गाडीसाठी फाटक उघडायला वळला.