मशीन दोनदा फिरलं

माझा धाकटा भाऊ किल्ल्या करतो. हातात सदा कानस, म्हणून गल्लीत त्याला कानश्या म्हणतात. वडिलांच्या मागे दुकान आम्ही दोघंच बघतो. मी काउंटरवर, तो मागे मशीनवर. गुणाचा आहे हो, पण मत्सरी! लहानपणी मला नवी चप्पल आणली तरी हा फुगून बसायचा, जेवायचाही नाही.

त्याचं एका नर्सशी जुळलं होतं. तिच्या दाराचं कुलूप यानेच बसवलं, आणि किल्लीवर कानशीने बारीक खूण केली. आमच्याकडची रीतच आहे ती. आपण बसवलेल्या कुलपाच्या किल्लीवर आपली खूण असते. मग सुरू झालं याचं. ड्यूटीवर डॉक्टर कोण होता, कोणाशी हसलीस, फोन का नाही उचललास. कंटाळली बिचारी. तिने संबंध तोडला, किल्ली परत घेतली. तरी हा आपला तिच्या दारासमोर जाऊन उभा! शेवटी तिने कोर्टातून आदेश आणला. घराजवळ फिरकायचं नाही, फोन करायचा नाही.

आदेश तात्पुरता होता. याला आपली बाजू मांडायला तारीख मिळाली. आदेश कायम झाला तर दुकानाचं काय, याचाच मला घोर लागला होता. बायकांच्या दाराशी तमाशे करणाऱ्या कुलूपवाल्याला घरात कोण घेईल?

आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "तिच्या घराची किल्ली आहे तुझ्याकडे?"

"नाही. ताईला विचारा."

"नाहीये," मी छातीठोकपणे म्हटलं. "जजसाहेबांसमोरसुद्धा सांगेन."

तारखेच्या आदल्या दिवशी दुकानात एक चष्मेवाला आला. "अशीच एक करून द्या. या जातीची किल्ली दुसरीकडे कुठे होत नाही म्हणाले."

किल्ली हातात घेतली, तर त्यावर आमची खूण! आणि या जातीचं कुलूप आम्ही एकाच दाराला बसवलेलं, त्या नर्सच्या. आमचं दुकान कुठलं ते तिने याला सांगितलंच नसणार, नाहीतर मेला पायरी चढता ना. परत पाठवणार होते, तेवढ्यात कानश्याने माझ्या हातातून किल्ली घेतली. उलटसुलट करून पाहिली. कान लालबुंद झाले त्याचे.

"घर तुमचंच का?" त्याने विचारलं.

"आता आमचंच म्हणायचं," चष्मेवाला हसला. एवढा गोड हसला, की माझ्याच अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भावाने घाम गाळून बसवलेलं कुलूप, आणि हा आयत्या बिळावर नागोबा!

कानश्या मागे गेला. मशीन फिरलं, थांबलं. पुन्हा फिरलं. पहिली बिघडली असेल, असं मी मनाला समजावलं. पण याच्या हातून किल्ली कधी बिघडलेली मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "खिशात काय आहे?"

"काही नाही."

"कानश्या!"

"वापरणार थोडाच होतो, ताई?" त्याचा आवाज चिरकला. "नुसती असू दे. त्याच्याकडे आहे, मग माझ्याकडे का नको?"

समोरच्या बाकावर ती बसली होती, शेजारी चष्मेवाला. तो आमच्याकडे बघून ओळखीचं हसला, आणि तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितल्यावर त्याचं हसू विरलं. ती सारखी आपली पर्स पोटाशी घट्ट धरत होती. इतके दिवस मला ती नाटकी वाटायची. आज तिचे हात दिसले.

आत जजसाहेबांनी मला विचारलं, "तुमच्या भावाकडे यांच्या घराची किल्ली आहे?"

वकीलबाई निर्धास्त होत्या. कानश्या माझ्याकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसाच.

"आहे," मी म्हटलं. "काल केली त्याने. खिशात आहे." आणि तिच्याकडे वळून म्हटलं, "बाई, आजच्या आज कुलूप बदल."

किल्ली टेबलावर जमा झाली. आदेश कायम झाला.

बाहेर आल्यावर वाटलं, हा आता माझ्यावर तुटून पडणार, बहीण आहेस की वैरीण म्हणणार. मीही तयारीत होते. पण तो फाटकाशी थांबला आणि ती दोघं रिक्षात बसून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "नवं कुलूप कोण बसवणार गं तिला?"