काकवीचं क्षितिज

तोरणमाळला लोक थंड हवा खायला जातात. आम्ही गेलो सूर्य मोजायला. डिसेंबरात मामांचा फोन आला, "गाडी लई ये. काकवी मन्हाकडे शे." मला वाटलं, भाकरीबरोबर खायला असेल.

मामा जन्मभर मालवाहू जहाजांवर अधिकारी होते. उपग्रह सगळं सांगू लागले तरी हा बाबा दुपारी सूर्याची उंची मोजून जहाज कुठे आहे ते काढायला सेक्स्टंट घेऊन डेकवर हजर. आता उजवा डोळा गेल्यात जमा आहे आणि डाव्यावरही सावली उतरतेय. जगभर सूर्य धरला, पण आपल्या मातीवर एकदाही नाही, ही रुखरुख त्यांना बसू देईना. डोळा असेतो एकदा स्वतःच्या हातानं धरायचा होता. खाली शहाद्याकडे साखर कारखान्याचा हंगाम, आकाशात धूर, म्हणून पठार.

पेट्रोल शहाद्यातच भरा, वर भरवसा नाही. म्हसावद, राणीपूर मागे पडलं की केळीच्या बागा संपतात आणि घाट सुरू होतो. वळणं अशी की मागच्या सीटवर मामी डोळे मिटून रामराम म्हणत होती. वर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं, तलाव गप्प होता, आणि मला उगाच वाटलं की आपण जागे नाही. खोली साधी मिळते, भाडं आधी ठरवा. रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. तृप्त झाले.

सकाळी तळ्याकाठी मामांनी पितळी थाळी मांडून तीत काकवी ओतली. समुद्रावर सूर्याला आरशातून खाली आणून क्षितिजावर टेकवतात. डोंगरात सरळ क्षितिज कुठलं? मग थाळीतलं प्रतिबिंब घ्यायचं. पाणी वाऱ्यानं थरथरतं, काकवी हलत नाही. मी बोट बुडवायला गेले, तर मामा ओरडले, "हाई क्षितिज शे, चाटू नको!" तेवढ्यात क्षितिजावर मुंगळा चढला. मामीनं तो काडीनं उचलला.

चहावाला येऊन उभा राहिला. "मोजणी कसली, साहेब? धरणाची का रस्त्याची?"

"सूर्याची," मामा म्हणाले. तो मान हलवून चहा आणायला गेला.

आपल्याकडे सूर्य घड्याळातल्या बारानंतर बऱ्याच वेळानं माथ्याच्या रेषेवर येतो. मामांनी काळी काच लावली, डावा डोळा नळीला टेकवला. एक सूर्य आकाशातला, एक काकवीतला. बोटांनी हळूहळू चकती फिरवत ते दोन्ही जवळ आणत होते. "भेटनात!" ते म्हणाले. भेटले, दोन सूर्यांचा एक झाला. आकडा मी वाचून दाखवला, खलाशांच्या पंचांगातून त्या दिवसाची सूर्याची जागा काढून दिली. हिशेब त्यांचा.

उत्तर आलं ते विषुववृत्ताच्या पार खाली. मॉरिशसच्याही पुढे, भर समुद्रात.

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "डोळा गया ते गया," ते म्हणाले, "आते डोकंबी गयं." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं.

मामीनं त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. "समिंदरमा उनं ना? मंग बराबर शे. इतला वरीस तुम्ही तठेच व्हतात."

मामा हसले नाहीत. थाळीकडे बघत राहिले. तळ्यावरून वारा येत होता, काकवीतला सूर्य जागचा हलत नव्हता. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अर्धं करानं ऱ्हायी गयं!"

समुद्रावर सूर्य क्षितिजाला टेकवला की कोन एकेरी. थाळीत मात्र वरच्यापासून खालच्या सूर्यापर्यंत, म्हणजे दुप्पट. जन्माची सवय आडवी आली होती. आकडा अर्धा केला आणि समुद्र सरला, सातपुडा वर आला. चहा गार झाला होता तरी तिघांनी मिटक्या मारत प्यायला.

मी नाशिकला परतले. डिकीतल्या चटईवर अजून काकवीचा डाग आहे, धुवावासा वाटत नाही. कुठेही गेले की फोनमधला निळा ठिपका बघते आणि वाटतं, हा किती सहज मिळतो, म्हणूनच कुणी त्याच्याकडे बघत नाही.

परवा मामीचा फोन आला. मामांचा डावा डोळाही आता साथ देईना.

"मंग आज आंगनमा थाळी मांडी," ती सांगत होती. "नळीमा मी दखं. ते इचारेत, भेटनात का? मी सांगं, भेटनात. हिशेब त्यास्नी तोंडी करा."

"अर्धं करायला विसरले नाहीत ना?"

"नही वं."

"मग कुठे आलं उत्तर?"

"आंगनच उनं," मामी म्हणाली.