फळीपासून सुरुवात

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते डोंबिवलीतल्या आमच्या खाणावळीच्या मावशींचे. चार वर्षं मी त्यांच्याकडे जेवलो. घरातला पहिला पदवीधर झालो, तेव्हा पहिला पेढा त्यांनाच दिला.

एम.ए.नंतर ठाण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या जागेसाठी बोलावणं आलं. निवड समितीसमोर दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. नाही जमलं तर गावी परतायचं, असं वडिलांशी ठरलेलं. मी ‘बोर्ड’ हा शब्द निवडला आणि आदल्या दुपारी जेवणाऱ्यांसमोरच तालीम सुरू केली. बोर्ड म्हणजे मूळची लाकडी फळी. फळीचं टेबल झालं. टेबलावरच्या जेवणालाही बोर्ड म्हणू लागले, म्हणून बोर्डिंग. टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी माणसं, तीही बोर्ड.

“सर, आधी मावशींना आमटी वाढू द्या,” एक बँकवाले काका म्हणाले. सगळे हसले.

मावशी पळी घेऊन तशाच उभ्या. “अरे, पाठ केल्यासारखा काय सुटलास? फळीवरून जेवणावर कधी गेलास, मला कळलंच नाही. हळू सांग. आणि येत नसेल ते येत नाही म्हण. थाप मारलीस की तुझ्या तोंडावर दिसतं.”

त्यांनी तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा “हां, आता कळलं” म्हणाल्या आणि मग मला ताट वाढलं.

निकाल लागला तेव्हा त्या लेकीच्या बाळंतपणासाठी कोकणात गेल्या होत्या. तिथे फोन लागत नाही. म्हणून पत्र लिहिलं:

तीर्थस्वरूप मावशींना साष्टांग नमस्कार.

माझी निवड झाली. सोमवारी रुजू होतोय. पाठ हळू घेतला. शेवटी समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, जहाजाच्या ‘ऑन बोर्ड’मधला बोर्डही हीच फळी का? थाप अगदी ओठांवर आली होती. पण “माहीत नाही, शोधून सांगतो,” म्हणालो. तो मुळात वेगळा शब्द निघाला, जहाजाची कड असा अर्थ असलेला. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. मॅडमना तसं कळवलं.

वडिलांना फोन केला, तर आधी त्यांनी कधी रुजू व्हायचं ते विचारलं. मग म्हणाले, “मावशींना कळवलंस का?” सगळे म्हणतात, आता कळव्याला खोली बघ, कॉलेज जवळ पडेल. मी डोंबिवली सोडत नाही. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना? तुम्ही कधी येताय ते कळवा.