भट्टीची चाळलेली राख

शिसेवाल्याचं घर भांड्यांवरून ओळखू यायचं. खोल्या दोन, भिंतीला पोपडे, खाट एकच आणि तीही एका पायानं लंगडी. पण फळीवरची पातेली अशी, की त्यात बघून भांग पाडावा. हा सगळा लखलखाट भट्टीच्या राखेचा.

त्याचं काम मेलेल्या बॅटऱ्या फोडायचं. शेडमध्ये त्यांचा ढीग येऊन पडे. कुऱ्हाडीनं टोपण उडवायचं, तेजाब गटारात ओतायचं, आतल्या शिशाच्या पट्ट्या लोखंडी कढईत टाकायच्या. शिशाला वितळायला फार मिनतवारी लागत नाही. वर साय धरली की पळीनं ओढून काढायची, खालचं चकाकतं शिसं साच्यात ओतायचं. ती साय ढवळत तापवत राहिलं, तर तिची पिवळी भुकटी होते.

नवा गडी आला की शिसेवाला त्याच्यासमोर शिशाचा तुकडा तोलायचा, त्याची भुकटी करायचा आणि परत तोलायचा. भुकटी जास्त भरायची.

"जळून वजन वाढलं?" गडी डोकं खाजवायचा.

"हवा खाल्ली त्यानं. फुकट मिळतंय तर कोण सोडतंय."

मग तो भुकटीत लाकडी कोळशाची पूड कालवायचा आणि भाता मारून जाळ पेटवायचा. "आता कोळसा ती हवा त्याच्याकडून हिसकावून घेणार." आणि खरंच, थोड्या वेळानं तळाशी शिशाचा थेंब पाऱ्यासारखा गोळा होऊन थरथरायचा. "बघितलंस? फोड, जाळ, पूड कर. शिसं मरत नाही. नुसते कपडे बदलतं."

त्याचं स्वतःचं पोट अधूनमधून पिळवटायचं. हिरड्यांवर निळसर रेघ उमटली होती. तिला तो कामाची शाई म्हणायचा. तरी माणूस निष्काळजी नव्हता. चपला दाराबाहेर, कामाचे कपडे अंगणातल्या खुंटीवर, हातपाय घासून धुतल्याशिवाय लेकीला हात लावायचा नाही. घरात आणायचा ती फक्त राख. भट्टीखालची, चाळणीनं दोनदा चाळलेली, पिठासारखी मऊ. तिच्या अंगात किंचित पिवळी झाक असायची. त्या राखेनं भांड्याला यायची तशी चकाकी दुसऱ्या कशानं घासून यायची नाही.

शेजारीण वाटी घेऊन यायची. "नवऱ्याची राख दे गं थोडी."

"अजून चांगला हिंडता-फिरता आहे तो," बायको म्हणायची. "त्याच्या भट्टीची घे. त्याची निघाली की तुला पहिली देईन."

दोघी हसायच्या. त्यांच्या पायाशी बसून लेक चिमणीही एक वाटी घासत असायची. तिला तिसरं सरून चौथं लागलं होतं. घासता घासता राखेचं बोट तोंडात घालायची.

"थू कर. राख खातात का?"

"गोड लागते," चिमणी म्हणायची. बाप ऐकून हसायचा. पोरीला राखही गोड लागते म्हणजे पोटाची काळजी मिटली, म्हणायचा.

आधी तिचं पोट दुखायला लागलं. जंत असतील म्हणून औषध दिलं. मग चालता चालता पडायला लागली. आणि मग शब्द गळायला लागले. पाणी हवं असलं की आधी तसं म्हणायची, पुढे नुसतं तांब्याकडे बोट दाखवायची. बाबा हा शब्द सगळ्यात शेवटी गेला. त्या दिवशी शेजारणीनं शेकशेगडी सुचवली, पण बायकोनं पोरीला उचलून सरळ दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचं रक्त काढलं. निकाल ऐकायला बापही गेला, तेव्हा त्या पोरीकडे नाही, बापाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"ओठ वर करा." त्यांनी हिरड्या पाहिल्या. "शिशाचं काम करता?"

"हो. पण कामाचं घरात काही आणत नाही. चपलासुद्धा बाहेर असतात."

"हिच्या रक्तात शिसं आहे. पुष्कळ आहे. हाडाला चुना लागतो ना, ते शिशालाच चुना समजतं आणि आत घेऊन बसतं. सुया देऊन रक्तातलं काही काढता येईल. हाडातलं हळूहळू पाझरत राहणार."

"आणि बोलणं?" बायकोनं विचारलं.

"मेंदूचं जे गेलंय, ते परत येईल असं मी म्हणणार नाही. आधी घरात ते येतंय कुठून ते शोधा. नाहीतर सुया फुकट."

बायकोनं घरातली एकेक वस्तू बोटांवर मोजली. मग बायको म्हणाली, "राख."

"राखेत कुठलं शिसं? ती तर जळून..."



घरी आल्यावर बायकोनं आधी शेजारणीचं दार गाठलं. शेजारणीला पटेना. "इतकी वर्षं घासतोय, आम्हाला काय धाड भरली? तुझ्या पोरीचं दुखणं माझ्या भांड्यांवर कशाला ढकलतेस?" तरी शेवटी वाटी आणून दिली. वाटीतली राख बायकोनं आपल्या राखेच्या डब्यात पालथी केली.

डबा घेऊन शिसेवाला शेडमध्ये गेला. राखेत कोळशाची पूड कालवली आणि भाता मारत बसला. गडी बघायला आले, त्यांना त्यानं हटकलं नाही आणि काही शिकवलंही नाही. निवल्यावर तळाशी गोळा निघाला. सुपारीएवढा, चकचकीत. आपलं चुकत असेल, अशी त्याला तोवर आशा होती.

घरी बायको मातीनं पातेली घासत होती. त्यांच्यावर आता नुसता करडेपणा उरत होता. त्यानं गोळा तिच्यासमोर धरला.

"डब्यातून निघाला."

"एवढा?"

"हा उरलेल्या राखेतला. वापरली तिच्यातला..." त्यानं चिमणीकडे बघितलं.

चमकणारी वस्तू दिसली तशी चिमणीनं बोट दाखवलं, मग हात पुढे केला. बायकोनं त्या हातावर फटका मारला. तिनं पोरीला आजवर कधी मारलं नव्हतं. चिमणीनं तोंड वासलं. रडू मात्र बऱ्याच उशिरानं फुटलं, कुणीतरी आतून शोधून आणून दिल्यासारखं.

सुया चालू राहणार होत्या, म्हणून कामही चालू राहणार होतं. सकाळी शेडमध्ये गेल्यावर त्यानं खिशातला गोळा कढईत टाकला आणि पळीनं ढवळलं. बाकीच्या शिशात तो कुठला, ते पुन्हा ओळखू आलं नाही.