तांडेलच्या गाडीतलं शिसं

तांडेलची गाडी उलटली की ते निवांत खाली बसायचे. आम्ही बाकीचे, गाडी उलटली रे उलटली की धावत जाऊन सरळ करायचो. तांडेल एखादा सपाट दगड बघून टेकायचे, रिमोट मांडीवर घ्यायचे आणि चाकं पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राहायचे. ती हातभर लांबीची गाडी उताण्या झुरळासारखी चारही चाकं हलवत पडलेली असायची. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकदा तर पाऊण तास. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी कधीतरी एखादं चाक दगडाची खाच धरायचं, गाडी कुशीवर वळायची आणि उभी राहायची. मग तेही उठायचे. ‘‘भर खारीत होरी कलली, तं वरशी कोन हात घालनार?’’ एवढंच बोलायचे. त्यांच्या बोलीत खाडीची खारी व्हायची, होडीची होरी आणि हळूचं हलू.

मी उतावळा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण याच उतावळेपणापायी एकदा माझ्या जिवावर बेतलं होतं आणि मला वाचवायला तांडेलना त्यांच्याकडे उरलेली एक वस्तू फेकून द्यावी लागली होती. ती मी त्यांना परत देऊ शकलो नाही.

रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा घोडे बेलापूरच्या टेकडीखाली जमायचो. वयं चाळिशीच्या आसपास, सगळे नोकरदार, आणि हातात रिमोटच्या गाड्या. या गाड्या पळत नाहीत, दगडांवरून रांगत चढतात. त्यांना रॉक क्रॉलर म्हणतात. घरच्यांनी आमच्याबद्दलची आशा सोडली होती. तांडेल या घोळक्यात कसे आले? चाळीस वर्षं त्यांनी दिवाळे गावाहून खाडीत होडी नेली. तांडेल म्हणजे सुकाणू धरणारा, होडीचा कर्ता माणूस. पुढे दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि होडी विकावी लागली. नुसते बसून राहतात म्हणून मुलीने सीवूड्सच्या मॉलमधून एक रिमोटची गाडी आणून दिली. ती दोन दिवसांत बंद पडली. तिसऱ्या दिवशी तांडेलनी ती उघडली, आणि तिथून पुढे ती कधी पूर्ण बंद झालीच नाही.

माझी गाडी परदेशातून मागवलेली होती. तांडेलच्या गाडीत दुकानातून आणलेलं जवळजवळ काहीच नव्हतं. स्प्रिंगा बॉलपेनातल्या. चाकं पुढच्या आसाला धरून ठेवणाऱ्या काड्या सायकलच्या आऱ्यांच्या. टायर मऊ पडावेत म्हणून आत अंघोळीच्या स्पंजाचे तुकडे. खाऱ्या हवेने आतली सर्किटची पाटी गंजू नये म्हणून तिला मुलीचं लाल नेलपॉलिश फासलेलं, आणि सिग्नल पकडणारी डबी फुग्यात घालून वर गाठ. मूळचे टायर गोंदाने चिकटवलेले होते. ते सोडवायला तांडेलनी चाकं उकळत्या पाण्यात घातली, आणि तीही काकींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भाताच्या टोपात. काकी मासळी विकून दुपारी घरी आल्या तर गॅसवर चाकं शिजत होती.

‘‘आता त्या टोपान् तुमीच जेवा,’’ त्या म्हणाल्या. तो टोप मी पाहिला आहे. पुढे त्यात फक्त चाकंच उकळली.

टायर परत बसवताना मात्र तांडेलनी गोंद वापरला नाही. रिमच्या कडेला बारीक भोकं पाडली आणि जाळं विणायच्या दोऱ्याने टायर आवळून बांधले. मी हसलो होतो. ते म्हणाले, ‘‘गोंद सुटाला दिवस लागतो साहेब. गाठ एका हिसक्यान् सुटते.’’ मी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून आहे. साहेब वगैरे काही नाही, पण त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने कधी हाक मारली नाही.

आणि पुढच्या दोन चाकांत शिसं होतं. चढावर गाडीचं तोंड वर उचललं जाऊ नये म्हणून या छंदातले सगळेच पुढच्या चाकांत वजन भरतात. मी पितळेच्या कड्या मागवल्या होत्या. तांडेलचं शिसं त्यांच्या जाळ्याचं होतं. जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून त्याच्या काठाला ओवतात, त्या बोटाच्या पेराएवढ्या नळ्या. होडी घेणाऱ्याने जाळंही घेतलं, पण देण्याआधी तांडेलनी काठाचं शिसं कापून काढलं होतं. ‘‘होरी इकली, जालं इकलं. शिसं नाय इकलं,’’ ते म्हणायचे. त्या नळ्या त्यांच्या वडिलांनी ओतलेल्या होत्या. काही चपट्या झालेल्या, एका-दोहोंवर दातांच्या खुणा, कारण दोन्ही हात गुंतलेले असले की नळी दातांनी आवळायची. त्या खुणा कोणाच्या हे ते सांगू शकायचे. एकदा माझ्या हातावर एक नळी ठेवून म्हणाले, ‘‘ही बाबाची.’’

त्यांचा नियम आम्हा सगळ्यांना लागू होता. गाडी माथ्यावर पोचेपर्यंत हात लावायचा नाही. पोचली की ते हनुवटी किंचित वर करून म्हणायचे, ‘‘आता उचल.’’ सगळ्यात जास्त वेळा हा नियम मी मोडला, आणि दर वेळी ते नुसते माझ्या हाताकडे बघायचे. बायकोचे टोमणे परवडले, असं ते बघणं होतं.

त्या रविवारी टेकडीवर काम काढलं होतं, म्हणून मी एकटाच दिवाळ्याला त्यांच्याकडे गेलो. जेट्टीच्या उताराला मोठे दगड रचलेले आहेत, आणि ओहोटीला त्यांच्याखाली दूरवर चिखल उघडा पडतो. गावात कोणाची तरी हळद होती. बापेमाणसं झाडून सगळी हॉलवर गेलेली, होड्या चिखलात बसलेल्या. तांडेल दगडांवर गाडी चढवत होते. मला हुक्की आली की आपली गाडी चिखलावर पळवून दाखवावी. साठेक पावलं ती झकास गेली. मग थांबली आणि हळूहळू रुतायला लागली.

‘‘रावं दे,’’ तांडेल म्हणाले. ‘‘भरती लागलीय. परतच्या ओहोटीला कारू.’’

पण माझ्या गाडीला नेलपॉलिश नव्हतं, फुगा नव्हता. खारं पाणी शिरलं की ती संपली. गाडीच्या दिशेने चिखलात एक गुळगुळीत, सपाट पट्टा गेलेला दिसत होता, पायवाटेसारखा. बाकीच्या चिखलात भोकं, शंख, खेकड्यांची बिळं, आणि हा पट्टा मात्र सारवल्यासारखा. मला वाटलं, माणसं इथून जात असणार, खाली घट्ट असणार. तांडेल दगडावरून उठेपर्यंत मी खाली उतरलोही होतो. त्यांची हाक मी ऐकली होती. ऐकूनही गेलो.

तो पट्टा फळीचा होता. निवट्या हे चिखलातले मासे पकडणारे एक गुडघा फळीवर टेकवतात आणि दुसऱ्या पायाने रेटा देत चिखलावरून घसरत जातात. जिथे पाय ठेवता येत नाही तिथेच फळी लागते, हे दिवाळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चाळीस-पन्नास पावलांवर माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावाही गेला.

‘‘हलू नको! पाय उचलू नको!’’

तांडेलचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मान वळवून पाहिलं तर ते जेट्टीच्या टोकाला आले होते. समोर, माझ्या गाडीपलीकडे, पाण्याची कड चमकत होती. ती सरकत होती. मला पोहता येतं, पण रुतलेल्या माणसाला पोहण्याचा काय उपयोग? मी प्रचंड घाबरलो होतो. आईला हाकही मारली असेन.

काकी जेट्टीवर मासळी वाळत घालत होत्या. त्यांनी हॉलवर फोन लावले, तिथे बँजो चालू होता, कोण उचलणार? फायर ब्रिगेडवाले येतो म्हणाले, पण पाणी त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. काकींनी घरून फळी आणि दोर ओढत आणला. तांडेलनी दोराला दगड बांधून दोनदा फेकला. दोन्ही वेळा तो माझ्यापासून निम्म्या वाटेत पडला. त्यांचे गुडघे फळीवर टेकण्याच्या कामाचे राहिले नव्हते. काकी पदर खोचून फळीवर बसायला निघाल्या, तर तांडेल त्यांच्यावर ओरडले, ‘‘तू बी रुतशील! दोघांना कोन कारंल?’’

मग ते खाली बसले.

मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्याने हात टेकले. पण त्यांनी गाडी मांडीवर घेतली होती. टायरची गाठ त्यांनी दातांनी ओढली, दोरा सुटला. आतल्या शिशाच्या नळ्या बाहेर काढल्या आणि न बघता मागे भिरकावल्या; चिखलावर गाडी हलकी हवी होती. दुसऱ्या चाकाचंही तसंच. जेट्टीच्या दगडांवर शिसं आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला, टण्ण टण्ण करत ते खाली गेलं. त्यानंतर ते टायर पुन्हा आवळायला बसले. पाणी माझ्या गाडीच्या चाकांना लागलं होतं आणि हा माणूस एकेक भोक शोधून दोरा ओवत होता!

‘‘तांडेल, लवकर!’’ मी ओरडलो.

‘‘ढिली बांधली तं वाटेन् सुटंल,’’ मान वर न करता ते म्हणाले.

काकींनी जेट्टीवरच्या दोन रिकाम्या बाटल्या बुचं घट्ट लावून दिल्या. त्या त्यांनी गाडीच्या दोन्ही अंगांना बांधल्या. मागे मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला जाड दोर, दोराच्या मध्यावर फळी, आणि दोराचं दुसरं टोक जेट्टीला बांधलेलं. आणि गाडी चिखलात उतरली.

ती किती सावकाश येत होती ते मी लिहून सांगू शकत नाही. माझ्या कमरेला पाणी लागलं. गाडी निम्म्यावर आली आणि दगड बांधलेल्या दोराने पाडलेल्या खड्ड्यात कलंडून उताणी झाली.

मी रडलो. लाज कसली सांगायला! काकी नायलॉन मागे ओढायला धावल्या. तांडेलनी त्यांना हाताने थांबवलं. मागे ओढून परत पाठवायला वेळ उरला नव्हता. चाकं पुढे-मागे, पुढे-मागे. तोच आवाज, ज्याला मी टेकडीवर दर रविवारी कंटाळायचो. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि त्यावर टेकडीवर असायचं तेच होतं, दुसरं काही नाही. त्या चेहऱ्याकडे बघत मी उभा राहिलो. एका बाजूच्या बाटलीखाली पाणी आलं, बाटली उचलली गेली, चाकाने चिखल धरला आणि गाडी उभी राहिली.

ती माझ्या हातापासून वीतभर अंतरावर आली. कमरेतून वळून मी हात पुढे केला.

‘‘नको! येऊं दे तिला!’’

मी हात मागे घेतला. तिकडे झुकलो असतो तर छातीपर्यंत गेलो असतो. गाडी पाण्यातून आली आणि माझ्या कुशीला टेकली. नायलॉन ओढलं, दोर आला. दोर ओढला, फळी आली. मी फळीवर छाती टाकली.

‘‘आता उचल,’’ तांडेल म्हणाले. ‘‘एक पाय. हलू हलू.’’

त्यांची गाडी छातीखाली धरून मी फळीवर पडलो, आणि काकींनी व तांडेलनी मला ओढून घेतलं. माझी गाडी पाण्याखाली गेली. काकींनी माझ्या अंगावर बादल्या ओतल्या. शेवटी तांडेल म्हणाले, ‘‘साहेब, गारी भिजली तं सुकते रं.’’

पुढच्या रविवारी ओहोटीला मी त्या दगडांच्या फटीफटीत हात घालून शिसं शोधलं. एकही नळी मिळाली नाही. बाजारातून नवं शिसं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, तोललं आणि परत दिलं. ‘‘चांगलं हाय. तुझ्या नव्या गारीला घाल,’’ म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या पुढच्या चाकांत त्यानंतर काहीच नव्हतं. चढावर गाडीचं तोंड सारखं वर उचललं जायचं, ती उलटायची, आणि ते बसायचे.

गेल्या वर्षी तांडेल गेले. झोपेत गेले. बाराव्यानंतर काकींनी गाडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. ‘‘ते बोलले व्हते, साहेबाला दे,’’ त्या म्हणाल्या. घरी येऊन मी टायरच्या गाठी सोडल्या, निदान आता तरी वजन भरावं म्हणून. डाव्या चाकात स्पंजाखाली एक नळी होती, दातांच्या खुणांची. एक तरी त्यांना सापडली होती, किंवा त्या दिवशी चाकातच राहून गेली होती. मला त्यांनी सांगितलं नाही. मी दुसरं काही भरलं नाही. नळी होती तिथेच ठेवली आणि दोरा आवळला.

रविवारी टेकडीवर गेलो. मोठ्या दगडाच्या अर्ध्यावर गाडी उलटली. एक मित्र सवयीने पुढे धावला. मी त्याला थांबवलं आणि खाली बसलो. ऊन वर येईपर्यंत बसलो होतो. गाडी उभी राहिली, माथ्यावर गेली आणि थांबली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, हात खाली सोडून. ‘‘आता उचल’’ म्हणणारा कोणी नव्हताच. मित्र म्हणाला, ‘‘अरे, काय झालं? घे ना.’’

‘‘थांब जरा,’’ मी म्हणालो.