सायलीने न दिलेला फोटो

सायलीच्या आईचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी कोर्टासमोर पत्रकं वाटत होते. सायली गेली. हायवेवर ट्रकने मागून ठोकलं... जागच्या जागी. बावीस वर्षांची होती. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहूनच टाकते, खोटी फुलं वाहायला मी बसलेली नाही. मनात आलं, तिने मला नाकारलेला तो फोटो आता कधीच मिळणार नाही.

मी नागपूरची. शिकायला टेक्सासात आले आणि कैद्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या गटात शिरले. खटला उभा राहण्याआधीच माणसं महिनोन्‌महिने आत सडतात, यावर मी ढीगभर पत्रकं लिहिली. सायली इथल्याच अर्विंग गावात जन्मलेली, फोटोग्राफी शिकणारी, मराठी मोडकंतोडकं. तिने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काउंटी जेलकडे, म्हणजे इथल्या जिल्हा तुरुंगाकडे, अर्ज केला, आणि मी तीन वर्षं ठोठावलेलं दार तिला सहा आठवड्यांत उघडलं. मी जळले. पहिले कित्येक दिवस तिने कॅमेरा काढलाच नाही म्हणे, नुसती कैद्यांत बसायची. पुढे फोटो काढला की पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन त्या माणसालाच विचारायची, हा लोकांना दाखवू का? नाही म्हटलं की विषय संपला. आतली माणसं तिची वाट बघत. माझी कोण बघत होतं?

एकदा तिने लॅपटॉपवर एक फोटो दाखवला. सातव्या महिन्यातली पोटुशी बाई, दवाखान्यात न्यायला उभी केलेली, पायांत बेड्या. मी म्हटलं, हा दे, उद्याच छापते. सायलीने मान हलवली. "नो म्हणाली ती. तिचा मुलगा बघेल ना." बाईने स्वतः निवडलेला फोटो वेगळाच होता, केस विंचरतानाचा.

"केस विंचरणाऱ्या बाईसाठी कायदे बदलत नाहीत, सायली."

"यार, तू तिच्यासाठीच फाइट करतेस ना? मग तिचं ऐक की."

त्यानंतर महिनाभर आम्ही बोललो नाही... आणि मग तो फोन.

दोन आठवड्यांनी काकूंनी तिचा लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "तुझ्या कामाचं असेल ते घे गं." आता मला अडवणारं कोणी नव्हतं. पत्रकाचा मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता. लॅपटॉपवर तीन फोल्डर होते. 'हो', 'नाही' आणि 'विचारायचंय'. बेड्यांचा फोटो 'नाही'मध्ये. तिसऱ्यात एकच फोटो होता, माझा. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तोंड वासून ओरडतेय, गळ्याच्या शिरा ताठ, आणि समोर एकही माणूस थांबलेला नाही.

तिने विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, आणि तिने वाद न घालता ऐकलं असतं. हे तिला जमायचं. याचा हेवा अजून जात नाही.

शेवटी मीच तो 'नाही'मध्ये सरकवला, त्या बाईच्या शेजारी. पत्रक फोटोशिवाय छापलं.