पावणेदोन किलोचे काका

मोजल्याशिवाय कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवू नये, असं मानणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण पाव फुगला की नाही हे व्हर्निअर कॅलिपर लावून ठरवणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच होता, आणि तो किचनरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासायचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. आमची ओळख झाली ती ग्रोसरीत, पिठाच्या रॅकपाशी. कानटोपी घातलेले एक बारीक अंगाचे गृहस्थ दहा किलोची पिशवी कुशीत घेऊन तिला चाचपत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, ‘‘ओल आहे. ओल आहे हिच्यात.’’ परमुलखात असं अचानक मराठी कानावर पडलं की माणूस जरा वेडाच होतो. मी पुढे होऊन विचारलं, ‘‘मराठी का?’’ ‘‘रेवदंड्याचा,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. वाडवडील शनवार तेली, शनिवारी घाणा बंद. एवढी पिशवी धरता का जरा? मी दुसरी बघतो.’’ त्यांनी सात पिशव्या बघितल्या. सातही मी धरल्या. पुढच्या दहा वर्षांत आमच्या संबंधांचं स्वरूप साधारण असंच राहिलं.

ज्या पावासाठी ही पिठाची पारख चाले, तो काकांनी लहानपणी कधी पाहिलाही नव्हता. रेवदंड्याला शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विसावा, सुरू व्हायचा तो मनुकांच्या सरबतावर आणि आईच्या हातच्या चपात्यांवर. काकू मात्र माँट्रियलच्या ज्यू घरातल्या. त्यांच्याकडे शुक्रवारच्या ताटात खल्ला हवाच: अंडं घातलेला, वरून तकतकीत, वेणी घातलेला पाव. लग्नानंतर काकूंनी पहिल्यांदा तो वळायला घेतला तेव्हा काका शेजारी उभे राहून म्हणाले म्हणे, ‘‘अगं, ही तर वेणी.’’ काकांना चार धाकट्या बहिणी. शाळेच्या वेळेला आईची गडबड असायची, म्हणून रोज सकाळी आठ वेण्या घालायचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हापासून घरात वाटणी ठरली. काकू पीठ मळणार, काका वेण्या घालणार, मुलं अंड्याचा हात फिरवून वर खसखस टाकणार. पुढे मुलं शिकून व्हँकुव्हरला गेली आणि काकूंच्या बोटांत संधिवात शिरला. बोटांची पेरं सुजली, मूठ वळेना. मळणंही काकांकडे आलं आणि त्या स्वयंपाकघरात तपासणी खातं कायमचं उघडलं.

पीठ हा त्यांच्या लेखी पदार्थ नव्हताच, नाजूक प्रकृतीचा पाहुणा होता. त्याला गारठा बाधतो म्हणून परात बेसमेंटमध्ये फर्नेसजवळ ठेवायची, तिच्यावर ओला पंचा आणि त्यावर काकांचा स्वतःचा लोकरी मफलर. दर वीस मिनिटांनी खाली जाऊन, ताप बघावा तसा हात लावायचा. काकूंशी ते इंग्रजीत बोलत, पिठाशी मात्र मराठीत. ‘‘आज काय रुसलायस काय?’’ असं त्यांना परातीला विचारताना मी स्वतः ऐकलं आहे. एका हिवाळ्यात बर्फाळ पावसाने तारा तुटल्या आणि आमच्या रस्त्याची वीज गेली. शुक्रवारची दुपार. मी ड्राइव्हवे शोव्हल करायला बाहेर आलो तर समोर काकांची गाडी चालू, हीटर जोरात, पुढच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसवलेली परात आणि शेजारी स्टीअरिंगवर हात ठेवून काका. मी काच वाजवली. त्यांनी ती बोटभर खाली केली. ‘‘दार उघडू नका, झोपलंय.’’ तो पाव त्यांनी अंगणातल्या गॅसच्या बार्बेक्यूवर भाजला. खालून कोळसा झाला होता, वरून बरा होता. ‘‘रिजेक्ट करायला हवा,’’ असं म्हणत त्यांनी तो स्वतःच खाल्ला.

पाव वळण्याआधी पिठातून बोराएवढा एक गोळा तोडायचा, त्यावर दोन ओळींची प्रार्थना म्हणायची आणि तो गोळा जाळून टाकायचा, अशी त्यांच्यात रीत आहे. मान घरातल्या बाईचा. काकू डोक्याला रुमाल बांधून गोळा तोडत, प्रार्थना म्हणत, आणि जाळायचं खातं काकांकडे. जाळताना स्मोक अलार्म वाजू नये म्हणून त्यांनी अलार्मला काकूंची अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती. ती शब्बाथभर तिथेच राहायची. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिला त्यांनी पावाची सहापदरी वेणी घालून दिली आणि ती पंधरा दिवस केस धुऊ देईना. ‘‘काका हॅज अ सिस्टम,’’ ती आम्हाला सुनवायची. त्यांच्या प्रार्थनामंदिरातल्या मंडळींनी ‘‘बायकोचं काम करतोस’’ म्हणून त्यांना चिडवलं, तर त्यांनी चिडवणाऱ्यांपैकी चौघांना दर गुरुवारी बेसमेंटमध्ये बोलावून एप्रन बांधले. एक दंतवैद्य, एक वकील, दोन निवृत्त मास्तर. काका कॅलिपर घेऊन मागून फिरत आणि वेणीचा पदर दोन मिलिमीटर जाड निघाला की दंतवैद्याला सगळी उकलायला लावत. दोन महिन्यांत चौघांच्याही घरी नवरे पाव करू लागले. त्यांच्या बायकांनी काकांचे आभार मानले की नाही, ते कळलं नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. घरात माणसं दोन, आणि काका दर शुक्रवारी पाव करत सहा. बरं, पीठ ‘‘एक पावणेदोन किलो’’ याच्या खाली ते ग्रॅमभरही येत नसत. दोन पाव त्यांच्या टेबलावर राहात, उरलेले चार गल्लीत फिरत. हिवाळ्यात दुपारी तीनला आणि उन्हाळ्यात जरा उशिरा आमची बेल वाजे, आणि पंच्यात गुंडाळलेले दोन पाव हातात पडत. पहिले सहा महिने आम्ही भारावून गेलो. नंतर आम्ही त्यांचा टोस्ट केला, उपमा केला, कटलेटात घातला, शिरा केला. फ्रीझर उघडला की पाव अंगावर यायचे. बायको म्हणाली, ‘‘एकदा बोल ना त्यांच्याशी.’’ मी म्हटलं, ‘‘तू बोल.’’ अशी दोन वर्षं गेली.

मग ते साल आलं ज्या साली सगळ्या शहराने एकदम भात, पोळी आणि ब्रेडवर राग धरला. ऑफिसात जो तो बदाम मोजून खाऊ लागला. डाव्या हाताच्या शेजाऱ्यांनी काकांना हसून ‘‘नो मोर कार्ब्स’’ सांगितलं, उजवीकडच्यांनी दारच उघडलं नाही. आम्हीही घरात वजनकाटा आणला होता. त्या शुक्रवारी काका दारात उभे होते, हातात चार पाव. मी फार समजूतदारपणे म्हणालो, ‘‘काका, रागावू नका, पण दोघांना एवढं कशाला? तुमचेही खांदे दुखतात. थोडंसंच पीठ घ्या, दोन पाव पुरे की.’’ काकांनी माझ्याकडे सदोष माल आल्यासारखं पाहिलं. ‘‘बरं,’’ म्हणाले आणि चारही पाव घेऊन परत गेले. मला हलकं वाटलं, हे कबूल करतो.

पुढच्या शुक्रवारी मी त्यांचा मफलर परत द्यायला गेलो, आमच्या मुलीने तो खेळायला आणला होता. काकूंना मराठी तीनच शब्द येत. मला बघून त्यांनी त्यांतले दोन वापरले, ‘‘ये, बस.’’ तिसरा शब्द ‘‘पुरे’’, तो नवऱ्याला गप्प करण्यासाठी राखून ठेवलेला. ओट्यावर परात होती आणि तिच्या तळाशी एवढंसं पीठ. काकू डोक्याला रुमाल बांधून आल्या. बरोबर जागेवर उभ्या राहिल्या आणि वाकडी झालेली बोटं पुढे केली. काका हळूच म्हणाले, ‘‘नॉट टुडे, डिअर. इट्स टू लिट्ल.’’ काकूंचा हात परातीवर तसाच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला, रुमाल सोडला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि माहेरच्या फ्रेंचमध्ये ‘बरं’ म्हणाल्या, ‘‘बॉन. पुरे.’’ आणि आत निघून गेल्या.

दारापर्यंत सोडायला आलेले काका मला समजावून सांगत होते, माझ्याकडे न बघता. पीठ भरपूर असेल तरच त्या गोळ्यावर प्रार्थना म्हणता येते. काकूंच्या आईच्या मापाने पावणेदोन किलो. त्याच्या खाली असेल तर प्रार्थना नाही. ‘‘तिला आता मळता येत नाही, वळता येत नाही, भांडं उचलत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘कपाचा कानसुद्धा धरवत नाही. आठवड्यातनं एक गोळा तोडते आणि दोन ओळी म्हणते. स्वयंपाकघरातलं तेवढंच तिचं राहिलंय. म्हणून मी पावणेदोन किलो मळतो. पाव काय, मला मेल्याला तरी कुठे एवढा आवडतो?’’ मला फार शरम वाटली. दोन वर्षं मी त्या पावांची थट्टा करत होतो आणि शेवटी एका बाईचा हात मी परातीवर अडवला होता.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. वजनकाटा उचलून तिने कपाटाच्या वर ठेवला. मी तसाच रस्ता ओलांडून काकांकडे गेलो आणि म्हणालो, पुढच्या शुक्रवारपासून चारही पाव मला हवेत, ऑफिसात मागणी आहे. ही थाप होती. पण सॉफ्टवेअरच्या ऑफिसात फुकट खाण्याला मागणी निर्माण करावी लागत नाही. सोमवारी सकाळी तिथल्या किचनमध्ये टेबलावर पाव ठेवला की बदाम मोजणारी माणसं आधी त्याच्याकडे बघत, मग एकमेकांकडे बघत, आणि अकरा वाजेपर्यंत खसखससुद्धा उरत नसे. त्यानंतरची सहा-सात वर्षं काकूंचा एकही शुक्रवार चुकला नाही. मी कधीकधी मुद्दाम त्या वेळेला जाई. काका परात त्यांच्या पुढ्यात धरत, काकू डोळे मिटून दोन ओळी म्हणत, आणि तेवढा वेळ काका काहीही मोजत नसत.

एका फेब्रुवारीत काकू गेल्या. नंतर महिनाभर समोर ओव्हन लागला नाही, मुलं येऊन परत गेली. शुक्रवारी तीन वाजले की आमचे कान दाराकडे जात, आणि ते एकमेकांना कळू नये म्हणून आम्ही टीव्ही मोठा करत असू. आता काका एकटे, पाव कुणासाठी करणार, ते संपलंच, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मार्च संपता संपता बेल वाजली. दारात काका, अंगावर पीठ, पंच्यात चार पाव. माझ्या तोंडावरचा प्रश्न त्यांना दिसला असावा.

‘‘घरात बाई नसेल तर पुरुषाने म्हटलेलं चालतं. विचारून घेतलं मी,’’ ते म्हणाले. ‘‘पण मला नीट येत नाही हो. चाळीस वर्षं ऐकल्यात त्या दोन ओळी, तोंडपाठ आहेत. तरी पहिल्या ओळीनंतर थांबतो. परात धरून उभा राहतो.’’ त्यांनी पंचा पुढे केला. ‘‘म्हणून पीठ कमी केलं नाही. सवय होईपर्यंत म्हणतो दर आठवड्याला. तुम्हाला त्रास होत असेल तर सांगा.’’

पाव अजून गरम होते. एकाची वेणी मधेच जरा सैल झाली होती, काकांच्या हातून पूर्वी असं कधी झालं नव्हतं. मी चारही घेतले आणि म्हणालो, ‘‘त्रास कसला, काका. सोमवारी पुरत नाहीत. पुढच्या खेपेला सहाऐवजी आठ झाले तर बघा.’’